पणजी पाण्यातून वर आली

गोव्याची राजधानी पणजी समजायची तर आधी पाणी कुठून येतं नि कुठं जातं ते बघा. मूळ गाव म्हणजे मांडवी नदीकाठचा आदिलशहाचा वाडा, थोडी घरं, माडांची बागायत, बाकी दलदल. शेजारच्या रायबंदर गावाला जोडणारा सुमारे तीन किलोमीटरचा बांध 1633-34 मध्ये झाला. रोगराईनं आधीची राजधानी जुने गोवे ओस पडत गेलं, तशी वस्ती इकडे सरकली. एकोणिसाव्या शतकात दलदल बुजवून सरळ रस्ते आखले. 1843 मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली.

पण बुजवलेली जमीन भरती विसरत नाही. आल्तिनोच्या डोंगरावरचं पावसाचं पाणी उतरून सखल भागात येतं, तिथून सांतिनेजच्या खाडीतून नि गटारांतून मांडवीत जातं. मोठी भरती आणि जोराची सर एकाच वेळी आली की नदीच पाणी मागे ढकलते नि ‘18 जून’ नावाचा बाजाराचा रस्ता तुंबतो. म्हणून खाडीतला नि गटारांतला गाळ मे संपण्याआधी काढायलाच हवा. पावसाळ्यात बाजाराला निघताना भरतीची वेळ बघून घ्यावी.

मळा, फोंताइन्हस या पणजीतल्या जुन्या वस्त्यांमधल्या घरांच्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती ओल धरतात. म्हणून चुन्याचाच रंग द्यावा, तोही पावसाळा सरून भिंत पुरती सुकल्यावर. प्लास्टिक पेंट मारला की ओल आत कोंडते, फुगे येतात, गिलावा पोपड्यांनी सुटतो. असं देखणं घर सोलवटलेलं बघवत नाही.