फॅरर पार्क ते क्रांजी : आझाद हिंद फौजेच्या मागावर सिंगापुरात एक दिवस

कामानिमित्त सिंगापूरला जाणे झाले, तेव्हा हाती आलेला एक मोकळा दिवस मी सुभाषचंद्र बोस आणि आझाद हिंद फौज यांच्याशी निगडित जागा पाहण्यासाठी राखून ठेवला. ‘चलो दिल्ली’ आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. पण ज्या माणसाचा लष्करी अनुभव म्हणजे १९२८ च्या कलकत्ता काँग्रेसमधील स्वयंसेवक दलाचे नेतृत्व, त्याने परक्या भूमीवर, परक्या सैन्याच्या ताब्यातील शहरात फौज कशी उभी केली, आणि त्या फौजेतील ‘स्वेच्छेने’ या शब्दाला किती अर्थ होता, हे प्रश्न माझ्या मनात होते.

सुरुवात फॅरर पार्कपासून करावी, कारण गोष्ट तेथेच सुरू होते. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी ब्रिटिशांचे सिंगापूर जपान्यांच्या हाती पडले आणि १७ तारखेला या मैदानावर ब्रिटिश सैन्यातील सुमारे चाळीस-पंचेचाळीस हजार भारतीय युद्धकैद्यांना जपानी मेजर फुजिवारा यांच्या हवाली करण्यात आले. कॅप्टन मोहन सिंग यांनी तेथेच फौजेत येण्याचे आवाहन केले. आज मेट्रोच्या स्थानकातून वर आल्यावर पाहण्यासारखे फारसे काही नाही, त्यामुळे अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ येथे घालवू नये. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवून पुढे जावे : मोहन सिंगांची ही पहिली फौज त्याच वर्षीच्या डिसेंबरात मोडली. जपान्यांच्या हेतूंविषयी शंका आल्याने त्यांनी ती विसर्जित केली आणि जपान्यांनी त्यांना अटक केली. नेताजी आले ते या पडझडीनंतर. त्यांनी फौज शून्यातून उभारली, हे म्हणणे जितके चुकीचे, तितकेच त्यांना ती तयार मिळाली, हे म्हणणेही चुकीचे आहे.

पुढचे स्थानक लिटल इंडिया. कॅम्पबेल लेनवरील इंडियन हेरिटेज सेंटर आत जाऊन पाहावे, पण सोमवारी जाऊ नये. त्यापुढचे स्थानक धोबी घाट. तेथून बाहेर पडताच कॅथे इमारतीचा जुना दर्शनी भाग दिसतो. मागचे सगळे बांधकाम नवे आहे. ४ जुलै १९४३ रोजी येथील चित्रपटगृहात जपानमध्ये राहणारे क्रांतिकारक रासबिहारी बोस यांनी पूर्व आशियातील भारतीयांच्या इंडियन इंडिपेंडन्स लीग या संघटनेची सूत्रे सुभाषबाबूंकडे सोपवली आणि २१ ऑक्टोबरला येथेच आझाद हिंदच्या हंगामी सरकारची घोषणा झाली. काँग्रेसचे दोनदा अध्यक्ष झालेले, गांधीजींशी मतभेद होऊन बाजूला पडलेले, नजरकैदेतून निसटून बर्लिनला पोहोचलेले आणि हिटलरची भेट घेतलेले सुभाषबाबू आधी जर्मन आणि मग जपानी पाणबुडीतून इथवर आले होते. त्यांच्या या मार्गाविषयी तेव्हाही वाद होता, आजही आहे. रस्त्याच्या पलीकडे उभे राहिले की दर्शनी भाग पूर्ण दिसतो; छायाचित्रासाठी तीच जागा योग्य.

धोबी घाटहून सिटी हॉल हे लाल मार्गिकेवरचे पुढचेच स्थानक आहे. मी चालत गेलो आणि घामाघूम झालो; सकाळचे दहा वाजून गेले असतील तर मेट्रोच घ्यावी. सिटी हॉलची इमारत आता नॅशनल गॅलरीचा भाग आहे आणि तिच्यासमोरचे विस्तीर्ण हिरवे मैदान म्हणजे पाडांग. ५ जुलै १९४३ रोजी सुभाषबाबूंनी येथे फौजेची पाहणी केली, दुसऱ्या दिवशी जपानचे पंतप्रधान तोजो यांनी संचलन पाहिले, आणि ९ जुलैच्या प्रचंड सभेत नेताजींनी पूर्व आशियातील भारतीयांकडे तीन लाख सैनिक आणि तीन कोटी डॉलर मागितले. फौजेची संख्या त्या आकड्याच्या जवळपासही पोहोचली नाही. तरीही त्यांचे खरे काम मला या मागणीतच दिसते. मोहन सिंगांची फौज कैद्यांची होती; नेताजींनी तिच्यात मलायातील रबराच्या मळ्यांवरचे तमिळ मजूर, दुकानदार आणि कारकून आणले, व्यापाऱ्यांकडून पैसा उभा केला, आणि कॅप्टन लक्ष्मी स्वामिनाथन यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांची झाशी राणी रेजिमेंट काढली. तांब्यांच्या मनूचे नाव घेऊन तमिळ मुली बंदूक चालवायला शिकल्या, हे मराठी माणसाने पाडांगवर उभे राहून एकदा आठवावे. सावंतवाडीकडचे जगन्नाथराव भोसले हे या फौजेतील अग्रगण्य अधिकारी होते आणि पुढे नेहरूंच्या सरकारात उपमंत्री झाले, हेही आपल्याकडे फारसे कोणाला माहीत नसते.

मैदान ओलांडून एस्प्लनेड पार्कमध्ये गेले की फौजेच्या स्मारकाची जागा लागते. मी दोनदा तिच्यासमोरून गेलो आणि दोन्ही वेळा मोठ्या युद्धस्मारकाकडेच पाहत राहिलो. येथील खूण लहान आहे, हे आधीच सांगून ठेवतो. अनाम सैनिकांच्या मूळ स्मारकाची कोनशिला नेताजींनी ८ जुलै १९४५ रोजी बसवली. त्यावर ‘इत्तेफाक, एतमाद, कुर्बानी’ (एकता, विश्वास, बलिदान) हे शब्द होते. सप्टेंबरमध्ये ब्रिटिश परतले आणि त्यांनी ते पाडून टाकले. आजचा फलक १९९५ सालचा आहे. ऑगस्टमधील राष्ट्रीय दिन आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास होणारी मोटारशर्यत या काळात हा सगळा परिसर कठड्यांनी अडवलेला असतो, म्हणून तारखा पाहूनच प्रवास ठरवावा.

तेथून काही मिनिटांच्या अंतरावर चार उंच पांढऱ्या खांबांचे नागरी युद्धस्मारक आहे. बहुतेक भारतीय ते पाहत नाहीत, आणि ही मोठी चूक आहे. नेताजी येण्याच्या दीड वर्ष आधी जपान्यांनी या शहरातील हजारो चिनी पुरुषांना वेचून ठार केले होते. ज्यांच्या मदतीने आपली फौज उभी राहिली, ते हेच जपानी. मलायातील तमिळ मजुरांना सयाम-ब्रह्मदेश रेल्वेच्या कामावर जुंपले जात होते आणि तेथे ते हजारोंनी मेले. फौजेत भरती होणे हा काहींसाठी त्यातून सुटण्याचाही मार्ग होता. अशा भरतीला स्वेच्छा म्हणावे का, याचे उत्तर मला खांबांखाली बसूनही सापडले नाही. देशप्रेम खोटे होते, असे मात्र मी म्हणणार नाही. फौजेच्या मोहिमेत इम्फाळच्या वाटेवर उपासमारीने आणि आजाराने मेलेल्यांसमोर तसे म्हणवत नाही.

शेवटी क्रांजीचे युद्धस्मारक. सिटी हॉलहून लाल मार्गिकेची गाडी थेट जाते, पण पाऊण तास धरावा, आणि स्थानकापासून चढाच्या रस्त्याने थोडे चालावे लागते. सावली जवळजवळ नाही. मी दुपारी तीनला पोहोचलो आणि पाऊस आला. तुम्ही शक्यतो क्रांजी सकाळी लवकर उरकून मग शहरात यावे. छत्री आणि पाण्याची बाटली दोन्ही जवळ असू द्यावी. येथील स्मारकाच्या भिंतींवर ज्यांच्या कबरी सापडल्या नाहीत अशा, ब्रिटिशांच्या बाजूने लढलेल्या चोवीस हजारांहून अधिक सैनिकांची नावे कोरली आहेत. फौजेत जाण्यास नकार दिलेल्या भारतीय कैद्यांपैकी अनेकांना जपान्यांनी न्यू गिनीसारख्या ठिकाणी मजुरीला पाठवले आणि ते परतले नाहीत. नकार देणे हाही स्वेच्छेचाच निर्णय होता आणि त्याची किंमत कमी नव्हती.

पावसात मी एका स्तंभाच्या आडोशाला उभा होतो. डोळ्यांसमोर पंजाब, डोग्रा, गढवाल, हैदराबाद अशा पलटणींखाली नावांच्या रांगा होत्या. त्यांत सिंग आणि खान इतके, की एकाच नावाचे दोघे ओळखायला क्रमांकच पाहावा लागतो. स्मारकाच्या मागच्या बाजूला, धर्मानुसार दहन केलेल्या सुमारे आठशे सैनिकांचे वेगळे स्मारक आहे आणि त्यांतील बहुसंख्य भारतीय आहेत; पाटी न वाचता गेलात तर ते निसटेल. घराण्यातील कोणाचे नाव शोधायचे असेल तर पलटण, सैनिक क्रमांक आणि स्तंभाचा क्रमांक कॉमनवेल्थ युद्धकबर आयोगाच्या नोंदीतून आधीच काढून आणावा, कारण भिंतीसमोर उभे राहून नुसते नाव शोधण्यात संध्याकाळ होते आणि तोवर दरवाजा बंद होण्याची वेळ झालेली असते.