रासुंदाच्या फाटकाशी

स्टॉकहोम मेट्रोच्या निळ्या लाइनवर नॅक्रोसेन नावाचं स्टेशन आहे. नॅक्रोसेन म्हणजे कुमुद. छतावर कुमुदं रंगवलीत, त्यामुळे आपण तळ्याच्या तळाशी उभे आहोत असं वाटतं. वर बघत चालले, भलत्याच दाराने बाहेर पडले आणि दहा मिनिटं थंडीत भटकले.

शोधत होते फिल्मस्टाडेन, १९२० साली सुरू झालेली रासुंदाची चित्रनगरी. आत आता लोक राहतात. जुनं प्रवेशद्वार अजून राखलंय. इथे तयार झालेला पहिला चित्रपट 'शॉरकार्लेन' (इंग्रजीत 'द फँटम कॅरेज') आदल्याच रात्री लॅपटॉपवर पाहिला होता. वर्षअखेरीच्या रात्री बाराच्या ठोक्याला जो मरेल, त्याने वर्षभर मृत्यूची गाडी हाकायची, अशी ही गोष्ट. प्रदर्शित केला तोही १ जानेवारी १९२१ ला!

दिग्दर्शक व्हिक्टर श्योस्त्रोम. 'टेर्ये विगेन' या आधीच्या चित्रपटासाठी कॅमेरा घेऊन खऱ्या समुद्रावर गेलेला हा माणूस. मूळ कादंबरीच्या लेखिका सेल्मा लागरलॉफ यांना चित्रण लान्सक्रूना गावातच व्हायला हवं होतं, पण यावेळी पठ्ठ्याने अख्खं गाव स्टुडिओत उभं केलं. कारण भुतं. छायालेखक यूलियस येन्सॉनने आधी खोली चित्रित करायची, फिल्म कॅमेऱ्यातच मागे गुंडाळायची आणि तिच्यावरच भूत चित्रित करायचं. काही दृश्यांत हे चार-चार वेळा. कॅमेरा हाताने फिरवायचा, म्हणजे प्रत्येक खेपेला हाताची लय तीच हवी. एक खेप बिघडली की आधीचं सगळं पाण्यात. त्याच दशकात आपले दादासाहेब फाळकेही पडद्यावर अशा करामती करत होते. पण फाळक्यांकडे देव प्रकटतात. इथे एक दारुडा स्वतःच्याच प्रेताकडे बघत बसतो. दारुडा झालाय खुद्द श्योस्त्रोम. करामत विसरायला होते ती त्याच्या चेहऱ्यामुळे.

'शॉरकार्लेन' बचावला. १९४१ साली फिल्मच्या कोठारात झालेल्या स्फोटात त्या काळातल्या कितीतरी स्वीडिश चित्रपटांच्या निगेटिव्ह जळाल्या. नायट्रेटची फिल्म पेटली की विझत नाही.

१९५७ साली दिग्दर्शक इंगमार बर्गमनच्या 'स्मुल्ट्रॉनस्टॅलेट'मध्ये ('वाइल्ड स्ट्रॉबेरीज') काम करायला श्योस्त्रोम पुन्हा रासुंदाला आला, ७७ वर्षांचा होऊन. संध्याकाळी वेळेवर घरी पोहोचून व्हिस्की घेता आली पाहिजे, ही त्याची अट. बर्गमनने ती पाळली म्हणतात.

मी घड्याळ पाहिलं. साडेचारच वाजले होते, पण मिट्ट काळोख. फाटकाचा फोटो हलला, दुसरा काढला, तोही हलला.