नऊ जण

आज झेंडावंदनानंतर बास्केटबॉलच्या पोरांना घेऊन टिळक रोडला चहाला थांबलो. एकाच्या अंगात २४ नंबरची जर्सी, अमेरिकेचा बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटची. कोबी हेलिकॉप्टर अपघातात गेला तोही २६ जानेवारीलाच, २०२० साली. बातमी आपल्याकडे पोचली तेव्हा मध्यरात्र उलटली होती. त्या रात्री मी झोपलो नाही, रडलो. आणि सगळा राग काढला तो पायलटवर.

आज हा पोरगाही तेच म्हणाला, "सर, पायलटनेच मारलं त्याला."

चूक त्याची होतीच. धुकं आणि ढग असताना तो पुढे जात राहिला, चौकशी अहवालात तसंच लिहिलंय. पण त्याच अहवालात कंपनीची ढिली देखरेखही आहे. आणि ढगात शिरल्यावर माणसाचं काय होतं, ते मी पोरांना सांगत बसलो. बाहेरचं काही दिसेनासं झालं की कानातला तोल सांभाळणारा भागच फसवतो. पायलट खाली हवाई वाहतूक नियंत्रणाला सांगत होता, ४,००० फुटांवर चढतोय. हेलिकॉप्टर मात्र डावीकडे वळत खाली येत होतं. शेवटपर्यंत त्याला वाटत होतं, आपण सगळ्यांना वर नेतोय. हे आठवलं की अजून पोटात कालवतं.

नऊ जण गेले. त्यात मॅचला निघालेल्या तीन लहान मुली. कोबीची मुलगी जियाना तेरा वर्षांची. नववा तो पायलट.

पोरगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, त्याच्यासाठी कुणी मेणबत्ती लावली असेल?"

घरी येऊन २०२० ची माझी पोस्ट शोधली. पायलटला दिलेली शिवी तशीच होती. आत्ता काढली.