अडीच सूत

शनिवार, रात्री साडेदहा

तीन वेळा हात धुतले तरी काळेच आहेत. ॲल्युमिनियम घासलं की असाच राप बसतो, साबणाने जात नाही, आधी गोडंतेल चोळायचं आणि मग बेसन. हे मला कुणी शिकवलं नाही, लहानपणी बाबा दापोडीच्या एसटी वर्कशॉपमधून घरी आले की मोरीत बसून हेच करायचे आणि मी दारात उभी राहून शाळेतलं काहीतरी सांगत असायचे. दिवसभर तिथे नेमकं काय करता हे मी त्यांना कधी विचारलंच नाही. बसची बॉडी बांधतात एवढंच माहीत होतं.

जूनमध्ये आम्ही हा जुना पॉप-अप कॅम्पर घेतला, २००३ चा. आम्ही कोलोरॅडोत, ऑरोराला राहतो, शनिवार-रविवार डोंगरात जायचं तर दर वेळी तंबू ठोकायचा कंटाळा यायला लागला होता, आणि लेकीला थंडी बाधते. कॅम्पर म्हणजे पिकअपच्या हौद्यात बसणारी एक छोटी खोली, छप्पर वर उचललं की मधल्या कापडी भिंती उघडतात आणि आत ताठ उभं राहता येतं, प्रवासात छप्पर खाली, त्यामुळे घाटात वारा फार अडत नाही. ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग येतो. विकणारा म्हणाला होता अजिबात गळत नाही. आम्हालाही ते खरं वाटून घ्यायचं होतं.

पलंगाची गादी काढली तर कोपऱ्यात एक तपकिरी डाग, वहीएवढा. स्क्रूड्रायव्हरने टोचून बघितलं तर तो मुठीपर्यंत आत गेला!! आतलं पातळ पॅनल सोललं तर सांगाड्याच्या लाकडी पट्ट्या चहात बुडवलेल्या खारीसारख्या हातात आल्या, स्टेपल्स गंजून त्यांची नुसती लाल पावडर, थर्माकोल मात्र तसाच पांढराशुभ्र. त्या रात्री मी खरंच रडले. पैसे तर गेलेच पण लेकीने त्या पलंगावर आपली उशी ठेवून जागा धरली होती.

दुसऱ्या दिवशी बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं. बाबा रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, आता फार बोलत नाहीत, फोन आईकडेच असतो. पण तो कोपरा बघितला आणि चष्मा शोधायला उठले. मग म्हणाले, "कॅमेरा बाहेर ने, पत्र्याची शिवण दाखव. नाही गं, त्याच्या वरची." पाऊण तास आम्ही दोघं त्या कॅम्परभोवती फिरत होतो. म्हणाले पाणी जिथे दिसतं तिथून आत येत नाही, ते सांगाड्यावरून वाट काढत जातं. त्यांनी सांगितलं तसं केलं, नवरा आत टॉर्च घेऊन बसला आणि मी बाहेरून होस पाइपने पाणी सोडलं, पण खालून सुरुवात करून एकेक शिवण घेत वर, कारण आधीच वरून ओतलं तर सगळंच भिजतं आणि भोक कुठलं ते कळत नाही. गळत होतं चांगलं तीन फूट लांब, पुढच्या छोट्या नारिंगी दिव्याच्या मागून! त्या दिव्याभोवती कुणीतरी सिलिकॉनचे थरावर थर मारले होते. सिलिकॉनवर नंतर दुसरं काहीच धड चिकटत नाही, ते सगळं प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडण्यात दोन संध्याकाळी गेल्या, मग नवीन ब्यूटाइल टेप, म्हणजे फटीतून पाणी आत येऊ नये म्हणून लावायची चिकट रबरी पट्टी, लावून दिवा परत बसवला आणि कोपऱ्याच्या पट्टीखालचीही जुनी वाळलेली टेप काढून बदलली.

कुजलेलं सगळं कापून पंखा लावून ठेवलं. इथली हवा इतकी कोरडी की आठ दिवसांत वाळलं, पुण्यात श्रावणात हे होणंच शक्य नव्हतं.

आणि मग मापं. मी आयुष्यभर सेंटिमीटरवाली आणि इथे टेपवर सगळे इंचाचे तुकडे. नवीन पट्टी कापली ती आखूड पडली. बाबांनी विचारलं किती कमी आहे, मी टेपवरच्या रेघा मोजून म्हटलं, पाच सोळांश इंच. ते जरा थांबले आणि म्हणाले, "म्हणजे अडीच सूत. असं सांग ना." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आपल्याकडचे सुतार-फिटर सर्रास बोलतात तसं. तेव्हापासून मी सगळं सुतातच मोजते, पॅनलवर पेन्सिलने लिहून ठेवते, ३ सूत, ५ सूत, आणि आता खरंच चुकत नाही. दुकानातल्या माणसालाही परवा सांगणार होते.

बाकीचं पटापट झालं. नवऱ्याला कपाटांना पाऊण इंची प्लाय हवं होतं, मी नाही म्हटलं, त्याचं एक पूर्ण शीट साठ-सत्तर पौंड भरतं आणि पिकअपला किती वजन झेपतं ते दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलंय, त्यात आपण माणसं, पाणी, सगळंच आलं. अर्धा इंची घेतलं. दिवे एलईडी केले. गॅसच्या पाइपला मी हात लावला नाही, ते माहितगाराकडूनच, पण साबणाचं पाणी लावून बुडबुडे मात्र स्वतः बघितले, घरी सिलिंडर बदलल्यावर आई बघायची तसे. गॅसचा अलार्म अगदी खाली, जमिनीलगत लावलाय, कारण प्रोपेन हवेपेक्षा जड असतो.

कापडी भिंतींचं शिवणकाम मात्र मी घाईने केलं नाही. दोन ठिकाणी विरलं होतं, तिथे व्हिनाइलचे ठिगळ लावले. ते बघून बाबांना पहिली एसटी आठवली, १ जून १९४८ ची, पुणे-नगर. तिचीही बॉडी लाकडी आणि वर छप्पर कापडाचं होतं म्हणे. "तुझी गाडी तशीच आहे," म्हणाले. मग आईकडून फोन काढून घेऊन त्यांनी वर्कशॉपबद्दल इतकं सांगितलं, पत्रे जोडायचे रिव्हेट कसे मारायचे, एक जण बाहेरून गन धरायचा आणि दुसरा आतून लोखंडी ठोकळा, आतला बहुतेक वेळा तेच असायचे, म्हणून डाव्या कानाने कमी ऐकू येतं. मला वाटायचं वयामुळे.

हे लिहिता लिहिता पाऊस चांगलाच वाढलाय. कॅम्पर ड्राइव्हवेमध्ये उभा आहे, छप्पर वर करून, मुद्दामच. मगाशी टॉर्च घेऊन जाऊन आले, कोपऱ्यावर हात फिरवला, कोरडा. फोटो काढून बाबांना पाठवला, तिकडे रविवारचे सकाळचे दहा वाजलेत.

लगेच उत्तर आलं. "वरून नको बघू. पलंगाची फळी उचल आणि खालून हात लाव."

परत चपला घातल्या. फळी उचलली, खाली पार कोपऱ्यापर्यंत हात घातला. नवीन लाकडाचा वास येतोय आणि बोटांना पेन्सिलचं काळं लागलं, त्या अडीच सुताच्या खुणेचं. कोरडं आहे बाबा.