टर्बोला किट टाकायचं की नवीनच घ्यायचा?

टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा) गेला की गॅरेजमध्ये पहिला प्रश्न हाच, किट, म्हणजे आतले झिजणारे सुटे भाग, टाकू का अख्खा नवीन आणू, आणि माझं स्पष्ट मत आहे की टर्बो खोलून बघेपर्यंत याचं उत्तर कोणी देऊच नये. आमची गाडी कळंबोलीच्या स्टील मार्केटमधून माल भरून नाशिकला जाते, बीएस४ (प्रदूषणाच्या आधीच्या नियमांची) आहे, साधा वेस्टगेटवाला (जास्तीचा एक्झॉस्ट बाजूने सोडणारा) टर्बो. कसारा घाटात लोडवर पिकअप पार गेला, मागे काळा धूर, आणि इंटरकूलरकडे (टर्बोतून आलेली गरम हवा गार करणारी जाळी) जाणारा होज काढला तर आतून इंजिन ऑइलने ओला. हे तेल अंगावर काढायचं नसतं हां, जास्त आलं तर इंजिन त्याच तेलावर पळायला लागतं आणि चावी बंद केली तरी थांबत नाही.

धाकट्या भावाचं म्हणणं, "दादा, किट टाक आणि सोड गाडी, भाडं उभंय." मिस्त्रीने मात्र आधी शाफ्ट, म्हणजे टर्बोतले दोन पंखे जोडणारा दांडा, बोटाने हलवून बघितला. आडवा किंचित हलला तर चालतो, कारण बुश (शाफ्ट ज्यात फिरतो त्या कड्या) तेलाच्या थरावर तरंगतात आणि बंद इंजिनात तो थर नसतो, पण पुढे-मागे हलायला लागला की त्याला सरकू न देणारं थ्रस्ट बेअरिंग गेलं. आमचा चांगलाच हलत होता.

खोलल्यावर दिसलं की बुशच्या जागी शाफ्ट निळा पडलाय, म्हणजे तेलाविना तापलाय. किटमध्ये काय येतं, बुश, थ्रस्ट, रिंगा, सील, ते अशा शाफ्टवर चढवून किती दिवस टिकणार? आणि मिनिटाला लाखाच्या घरात फेरे मारणारी ही वस्तू बॅलन्सिंग मशीनवर न लावता नुसती जोडून देणारे आहेत, त्यांच्याकडे मी तरी जाणार नाही. पण आमचे पंखे तुटलेले नाहीत, दोन्ही हाऊसिंग (पंख्यांवरची कवचं) शाबूत, एक्झॉस्ट बाजूला क्रॅक नाही. म्हणून ठरवलं की बॅलन्स करून आलेली नवीन कोअर (शाफ्ट, पंखे, बेअरिंगचा मधला तयार भाग) घ्यायची आणि हाऊसिंग आपलेच वापरायचे. पंख्याचा तुकडा उडाला असता किंवा हाऊसिंगला क्रॅक असता तर सरळ पूर्ण नवीन, शिवाय इंटरकूलर काढून साफ करणं आलंच, कारण त्यात राहिलेला तुकडा नंतर इंजिनात जातो. बीएस६ मधल्या व्हेरिएबल (आतल्या पाती हलणाऱ्या) टर्बोचं गणित वेगळं, तिथे पाती हलवणारा इलेक्ट्रॉनिक अॅक्च्युएटर सेट करावा लागतो, ते कुठल्याही गाळ्यात होत नाही.

पण खरं महत्त्वाचं म्हणजे तेल का पोचलं नाही ते. टर्बोला तेल देणारा बारीक पाइप काढला तर तो पाइप जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टचं भोक कार्बनने जवळजवळ बुजलेलं. तो तसाच ठेवून महागातला महाग टर्बो बसवला असता तरी तोही गेलाच असता. पाइप साफ करत बसायचं नाही, नवीनच टाकायचा, सोबत तेल आणि फिल्टर बदलायचा, टर्बोतून इंजिनाच्या तेलाच्या चेंबरकडे जाणारा रिटर्न पाइप आणि इंजिनातला वायू बाहेर सोडणारा ब्रीदर मोकळा आहे का ते बघायचं.

कोअर उद्या येतेय. बसवताना आत आधी तेल ओतायचं, मग डिझेल बंद ठेवून नुसता स्टार्टर मारून ऑइल प्रेशर येऊ द्यायचं, मगच गाडी चालू आणि थोडा वेळ फक्त आयडलवर. घाट चढून इगतपुरीला चहाला थांबलं तरी दोन-तीन मिनिटं आयडलवर ठेवूनच बंद करायची, तापलेल्या शाफ्टवर तेल जळून कार्बन होतो तो असाच, हे ड्रायव्हर मामांना सांगून झालंय. भाऊ भाड्याच्या पार्टीला फोन लावतोय, माल परवा भरू म्हणून.