आमची वाटचाल : आधी किंमत, मग कपाट

'आमची वाटचाल' म्हटलं की लोक स्थापनेचं साल, मशीनची यादी आणि खूश गिऱ्हाइकांचा आकडा देतात. तेही देता येईल, पण त्यावरून आमचा धंदा कसा चालतो हे काही कळणार नाही. आमचा कारखाना छोटा आहे. कपाटं, अभ्यासाची टेबलं, पुस्तकांचे रॅक, ड्रॉवरचे युनिट एवढाच पसारा. पण गेल्या काही वर्षांत आम्ही जे निर्णय घेतले, त्यातले बरेचसे एका स्वीडिश फर्निचर कंपनीकडे बघून घेतलेत. काही तिच्यासारखे, काही मुद्दाम तिच्या उलट. ती कंपनी म्हणजे आयकिया. तिच्याशी आमचा ना करार, ना एजन्सी. तरीही तिच्याबद्दल लिहिल्याशिवाय आमच्याबद्दल लिहिता येत नाही.

वडील कारखाना बघायचे तेव्हाची रीत सगळ्यांना माहीत असलेलीच. पार्टी यायची, माप घ्यायचं, डिझाइन ठरायचं, मग कॉस्टिंग. प्लाय इतकी, लॅमिनेट इतकं, हार्डवेअर, मजुरी, हमाली, वर आपलं मार्जिन. किंमत सगळ्यात शेवटी यायची आणि ती आली की घासाघीस सुरू. भाव तुटला की तो कुठून तरी भरून काढायचा, म्हणून धंद्यात सर्रास मागची फळी पातळ होते नाहीतर बिजागरी हलकी लागते. गिऱ्हाइकालाही हे ठाऊक असतं, म्हणून तो आणखी घासतो. या चक्रात दोघांचाही एकमेकांवर विश्वास उरत नाही.

आयकियाने हा क्रमच उलटा केला. तिथे वस्तूची सुरुवात किमतीपासून होते. साधारण कमाईच्या घराला हे टेबल किती पैशांत परवडेल हे आधी ठरतं आणि मग डिझायनर, मालाचा जाणकार आणि पुरवठादार त्या आकड्यात बसणारं टेबल शोधायला बसतात. रूप, उपयोग, टिकाऊपणा, पर्यावरण आणि कमी किंमत अशा पाच गोष्टी एकत्र जमल्या पाहिजेत, असा त्यांचा दंडक आहे. ऐकायला हे भाषणासारखं वाटतं. पण ज्याने कधी कटिंग लिस्ट केली आहे त्याला यातली ताकद लगेच कळेल. किंमत आधी गोठवली की प्रत्येक मिलिमीटरला जाब द्यावा लागतो. रॅकची खोली तीस सेंटीमीटर कशाला? अठ्ठावीसने शीटमधून एक पट्टी जास्त निघत असेल आणि पुस्तकही मावत असेल, तर अठ्ठावीस. स्वस्ताई ड्रॉइंगच्या टेबलावर ठरते, दुकानाच्या काउंटरवर नाही. आमच्या सगळ्या वाटचालीचा गाभा म्हणाल तर हाच.

हे त्यांनाही एका दिवसात सुचलेलं नाही. इंग्वार काम्प्रादने १९४३ मध्ये कंपनी काढली तेव्हा तो सतरा वर्षांचा होता आणि पेनं, पैशांची पाकिटं, फोटोच्या चौकटी असला माल टपालाने विकायचा. फर्निचर आलं १९४८ मध्ये, कॅटलॉग १९५१ मध्ये. टपालाच्या धंद्यात प्रतिस्पर्ध्याशी भावयुद्ध सुरू झालं, भाव उतरले तसा दर्जाही उतरायला लागला. कागदावरच्या चित्रात चांगलं टेबल आणि फालतू टेबल सारखंच दिसतं. म्हणून १९५३ मध्ये एल्महुल्ट या गावी त्याने शोरूम उघडलं : या, हात लावून बघा, मग मागवा. भाव पाडण्याच्या शर्यतीतून बाहेर पडायला त्याने भाव वाढवला नाही, माल उघडा करून दाखवला. मला हा माणूस इथे फार हुशार वाटतो.

पुढे स्वीडनमधल्या बाकीच्या फर्निचरवाल्यांनी त्याच्यावर बहिष्कार टाकला. कारखानदारांना दम भरला की याला माल द्याल तर आमची ऑर्डर विसरा. दुसऱ्याचा माल मिळेना म्हणून स्वतःची डिझाइनं करावी लागली आणि पुरवठादार शोधायला देशाबाहेर जावं लागलं. १९६१ पासून पोलंडमध्ये माल बनायला लागला, तोही स्वीडनपेक्षा कितीतरी स्वस्त. स्वतःचं डिझाइन आणि परदेशातलं उत्पादन, हे आज व्यवस्थापनाच्या वर्गात रणनीती म्हणून शिकवतात. तेव्हा ती निव्वळ नाइलाजाची गोष्ट होती.

पाय काढण्याची गोष्ट मात्र सगळ्यात महत्त्वाची. १९५०च्या दशकाच्या मध्याला गिलिस लुंडग्रेन हा त्यांचा माणूस 'लोवेट' नावाचं पानाच्या आकाराचं छोटं टेबल गाडीत ठेवायला बघत होता. ते बसेना. त्याने पाय काढले, फळीखाली ठेवले आणि टेबल गेलं. १९५६ पासून कंपनीने सुटं, सपाट पॅकिंगमधलं फर्निचर पद्धतशीर करायला घेतलं. पाय सुटे करणारे ते पहिले नव्हेत, आपल्याकडचे सुतारही पलंग खोलून नेतातच. फरक असा की त्यांनी सुटं करणं ही वाहतुकीच्या वेळची तडजोड न मानता डिझाइनची पहिली अट मानली. जोडलेलं टेबल म्हणजे बहुतेक हवाच असते. ती हवा गोदामात जागा खाते, ट्रकमध्ये भाडं खाते आणि शेवटी गिऱ्हाइकाच्या बिलात येते.

हवेवरचा त्यांचा राग कुठवर जातो याचं माझं आवडतं उदाहरण फर्निचरचं नाहीच, 'बँग' नावाच्या कॉफीच्या मगाचं आहे. पहिल्या डिझाइनचे ८६४ मग एका पॅलेटवर, म्हणजे माल रचायच्या लाकडी चौकटीवर, बसायचे. कड आणि आकार बदलला, १२८० बसायला लागले. नंतर उंची कमी करून कान असा केला की कप एकमेकांत नीट रचता येतील, तेव्हा २०२४. तोच मग, तीच कॉफी, पण त्याच ट्रकमधून दुपटीहून जास्त माल. यात ना मजुरी कापली, ना माती हलकी वापरली.

हे वाचल्यावर आम्ही आमचं अभ्यासाचं टेबल पुन्हा ड्रॉइंगवर घेतलं. ते आधीही सुटंच जायचं, पण टॉप एका आकाराचा, बाजू दुसऱ्या, ड्रॉवरचा खोका तयार जोडलेला. खोका वेगळा, त्यामुळे पॅकिंग दोन नगांचं. आता ड्रॉवरही सुटा जातो. बाजूंची उंची आणि मागच्या पट्टीची लांबी अशी ठेवली की टॉपच्या मापात सगळे तुकडे दोन थरांत बसतात आणि ड्रॉवरच्या पट्ट्या मधल्या खाचेत जातात. एकच कार्टन, एका माणसाला उचलता येईल असा. कार्टनची रुंदी टेम्पोच्या हौद्याच्या रुंदीला भागून ठरवली, त्यामुळे ओळी घट्ट लागतात आणि माल हलत नाही. कोपरे फुटण्याच्या तक्रारी त्यामुळे जितक्या कमी झाल्या, तितक्या थर्मोकोल वाढवून कधी झाल्या नव्हत्या. आमचे जुने मिस्त्री म्हणाले, "दादा, आधी टेबल बनवून त्याला खोका शोधायचो, आता खोका बनवून त्यात टेबल घालतोय." त्यांनी टोमणा मारला होता. मी कौतुक म्हणून घेतलं.

गिऱ्हाइकाकडून काम करून घेणं हा त्यांच्या धोरणाचा दुसरा खांब. स्टॉकहोमजवळच्या कुंगेन्स कुर्वाचं त्यांचं मोठं दालन १९६५ मध्ये उघडलं, पुढे १९७० मध्ये तिथे आग लागली आणि १९७१ मध्ये ते पुन्हा सुरू झालं, तेव्हापासून गोदामातून गिऱ्हाइकानेच माल उचलायची सोय तिथे झाली. वस्तू गिऱ्हाइकाने शोधायची, उचलायची, घरी न्यायची, जोडायची, आणि त्या बदल्यात पैसे वाचवायचे. सौदा सरळ आहे, लपवाछपवी नाही. पण तो सगळ्यांना मानवत नाही हे त्यांनाही उमगलं असावं, कारण २०१७ मध्ये त्यांनी टास्करॅबिट ही घरी माणूस पाठवून कामं करून देणारी कंपनीच विकत घेतली.

जोडणी गिऱ्हाइकावर सोडायची तर ती चुकता कामा नये अशी करावी लागते आणि खरी मेहनत तिथे आहे. आमच्या रॅकची उजवी आणि डावी बाजू दिसायला सारखी होती, फक्त भोकांची रांग एका टोकाला थोडी वर. लोक हमखास उलटी लावायचे. ड्रिलिंगचा प्रोग्रॅम बदलून बत्तीस मिलिमीटरच्या अंतराने भोकं दोन्ही टोकांपासून सारखी घेतली. आता कुठलीही बाजू कुठेही लागते. चार भोकं वाया जातात, फोन येत नाहीत. मिनिफिक्स (फळ्या आवळणारी धातूची जोडणी), डॉवेल (लाकडी खुंटी), स्क्रूची पुडी आम्ही मोजत बसत नाही, नाजूक काट्यावर तोलतो. एक डॉवेल कमी असला तरी काटा सांगतो. जोडणीचा कागद चित्रांचा, अक्षर एकही नाही. नवा कागद झाला की तो हिशेब बघणाऱ्या ताईंच्या हाती देतो, कारण कारखान्यात स्क्रूड्रायव्हर कधीच हातात न धरलेल्या त्या एकट्याच. त्या जिथे थबकतात ते चित्र पुन्हा काढायचं.

मालाच्या बाबतीत मात्र त्यांची नक्कल आम्हाला जमण्यासारखी नव्हती. त्यांच्या 'लाक' या टेबलाची फळी भरीव नसते. लाकडी बोर्डाची चौकट, आत मधमाशीच्या पोळ्यासारखा कागद आणि दोन्ही बाजूंना पातळ फायबरबोर्ड. तंत्र दरवाजे बनवणाऱ्यांकडून उचललेलं. वजन कमी, माल कमी, किंमत नगण्य. पण त्याला लागणारी प्रेसची लाइन अहोरात्र चालली तरच परवडते आणि आमच्या ऑर्डरी आठवड्याला बदलतात. शिवाय अशा फळीत मागाहून वाटेल तिथे स्क्रू मारता येत नाही. आमच्या गिऱ्हाइकाला कधी ना कधी तो मारायचाच असतो.

मोठ्या संख्येची ही मिजास 'बिली' रॅकमध्ये सगळ्यात स्पष्ट दिसते. १९७९ पासूनचा तो रॅक, डिझाइन पुन्हा लुंडग्रेनचंच. स्वीडनमधल्या गिलेन्सवान्स या एका कुटुंबाच्या मालकीच्या कारखान्यात तो सुरुवातीपासून बनतो. तिथे मशिनं अशी बसवत गेले की उत्पादन कित्येक पटींनी वाढलं, माणसं मात्र त्या मानाने फारच थोडी. वर्षानुवर्षांची खात्रीची ऑर्डर हातात असल्याशिवाय कुठलाही कारखानदार एवढी गुंतवणूक करणार नाही. आयकिया पुरवठादाराला पिळते असं सरसकट म्हणतात. मला वाटतं, ती भाव घट्ट धरते आणि बदल्यात लांब पल्ल्याचं काम देते. आम्ही आमच्या बोर्डवाल्याशी हेच छोट्या प्रमाणात केलं. रंगांची पुस्तिका मिटून चारच शेड ठेवल्या, वर्षभराचा अंदाज लेखी दिला आणि उधारी बंद केली. भाव उतरला, त्याहून मोठं म्हणजे शेड बदलायची भानगड संपली.

कंपनीची मालकीची रचना, १९८२ मधलं नेदरलँड्समधलं प्रतिष्ठान, दुकानांकडून विक्रीच्या तीन टक्के फ्रँचायझी शुल्क वगैरे, याच्यावर अर्थशास्त्राचे लोक खूप लिहितात. आमच्यासारख्याच्या ते काही कामाचं नाही.

कामाचं आहे ते त्यांचं जिथे चुकलं ते. ड्रॉवरची उंच युनिटं भिंतीला पक्की न करता ठेवली आणि मूल ड्रॉवरवर चढलं की ती पुढे कोसळतात. 'मॉल्म' आणि तशा इतर युनिटांमुळे मुलांचे मृत्यू झाले आणि २०१६ मध्ये अमेरिकेत जवळपास २ कोटी ९० लाख युनिटं परत बोलवावी लागली. भिंतीला बांधायची पट्टी पुडीत होती, पण ती लावणं गिऱ्हाइकावर सोडलेलं होतं. काम गिऱ्हाइकावर ढकलायच्या पद्धतीची हद्द इथे आहे. म्हणून आमचं उंच युनिट कुणी कितीही 'मी बघतो' म्हणालं तरी आमचा माणूस भिंतीला बांधून सही घेतल्याशिवाय परत येत नाही. त्याचा खर्च किमतीत धरलेला आहे आणि त्यावर सूट मागू नये.

दुसरी गोष्ट पुरवठ्याची. पूर्व जर्मनीत राजकीय कैद्यांकडून बनवून घेतलेला माल आपल्याकडे आला, हे २०१२ मध्ये कंपनीला कबूल करावं लागलं. पुरवठादारांसाठी लेखी नियमावली त्यांनी २०००मध्येच आणली होती, पण हा माल त्याआधीच्या दशकांतला. आम्ही पॉलिशचं काम बाहेर देतो, तिथे मी स्वतः न सांगता जातो. सगळं दिसतं असा दावा नाही, पण मास्क आणि पंखा आहे की नाही हे दिसतं.

दालनाबद्दलही दोन शब्द. ज्या कॅटलॉगवर कंपनी उभी राहिली, २०१६ मध्ये ज्याच्या २० कोटी प्रती निघाल्या होत्या, तो त्यांनी सत्तर वर्षांनंतर बंद केला. शहराबाहेरच्या अवाढव्य निळ्या पेट्यांसारख्या दालनांबरोबर आता शहराच्या आत छोटी दुकानंही काढतायत. महागाईत त्यांनीही भाव वाढवले, मग कच्चा माल आणि वाहतूक सावरताच उतरवायला घेतले. २०२४च्या आर्थिक वर्षात विक्री ४७.६ अब्जांवरून ४५.१ अब्ज युरोंवर आली, आणि भाव उतरवणं हे त्यामागचं एक कारण होतं. वाढलेला भाव खाली आणणं आमच्या धंद्यात कुणी ऐकलेलं नाही. बोर्ड स्वस्त झाला तेव्हा आम्ही फक्त रॅकपुरतं ते करून बघितलं. जुन्या गिऱ्हाइकांनी आधी विचारलं, "माल बदलला का?" कापलेला तुकडा समोर ठेवून दाखवावा लागला.

आज आमचं काम दोन भागांत आहे. ठरलेली थोडी मॉडेलं, ठरलेला भाव, घासाघीस नाही. आणि वाकड्या भिंती, खांब, जिन्याखालची जागा अशा मापांची साइटवरची कामं, जी कुठलीही जागतिक कंपनी कार्टनमध्ये घालू शकत नाही. पहिल्यात शिस्त आयकियाची, दुसऱ्यात मिस्त्रींचं राज्य, तिथे मी फारसा बोलत नाही.

सध्या डोक्यात आहे तो बिनस्क्रूचा जोड. त्यांच्या २०१६च्या 'लिसाबो' टेबलाचे पाय खाचा असलेल्या लाकडी पाचरीच्या जोडाने पटकन बसतात. तसाच विचार घेऊन आम्ही आमच्या पद्धतीचा जोड करतोय. भरीव रबरवुडमध्ये तो छान धरतो, खोलून पुन्हा लावला तरी ढिला पडत नाही. पार्टिकल बोर्डात मात्र खाचेची कड भुगा होते. मिस्त्रींचं म्हणणं, कडेला लाकडी पट्टी चिकटवा. ते बरोबर आहे, पण त्याने टेबल ठरलेल्या किमतीच्या बाहेर जातं, म्हणून ते अजून विक्रीला आलेलं नाही.