मिरज जंक्शन १:८७, नोंद अकरावी: चेकरेलनं खाल्लेले तीन आठवडे

आपल्या मिरज जंक्शनच्या १:८७ मॉडेलात ब्रॉडगेजच्या १ इन ८.५ सांध्यानं (गाडी दुसऱ्या मार्गावर वळवणारी, साडेआठला एक फाकणारी जोडणी) परत मान टाकली. मागच्या नोंदीत ‘आता हा विषय संपला’ असं लिहिलं होतं, ते वाक्य मागे. मे महिन्यात चाळीस फेऱ्यांत एकही वाघीण (मालडबा) न पाडणारा सांधा जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात दर तिसऱ्या फेरीला चाक उचलायला लागला. तेही फक्त वळणमार्गावर आणि फक्त क्रॉसिंगच्या नाकाशी, म्हणजे दोन रूळ एकमेकांना छेदतात तिथल्या टोकाशी. सरळ मार्ग ठणठणीत.

ब्रॉडगेजला १९.३ मिमी रुंदीचा हट्ट कशाला, तयार १६.५चा ट्रॅक का नको, हा प्रश्न परत परत येतो म्हणून एकदाच लिहून टाकू. १:८७मध्ये ब्रॉडगेजच्या १६७६ मिमीचे १९.२६ होतात, मीटरगेजचे ११.४९ आणि बार्शी लाइट या नॅरोगेज छोट्या गाडीच्या ७६२चे ८.७६. बाजारात मिळतात १६.५, १२ आणि ९. बारा आणि नऊ खपून जातात, अर्ध्या-पाव मिलिमीटरचा फरक डोळ्याला कळत नाही. गोची थोरल्याची आहे. प्रत्यक्षात ब्रॉडगेज मीटरगेजच्या १.६८ पट रुंद असतं, १६.५ आणि १२ शेजारी ठेवले की ते १.३८ पटच राहतं. पुण्याचं किंवा साताऱ्याचं मॉडेल असतं तर हा हट्ट कुणी धरला नसता. मिरजेत तिन्ही गेज एकाच फळीवर येतात, आणि १६.५चं ब्रॉडगेज त्यात अंग चोरून बसल्यासारखं दिसतं. तीन गेज हेच तर मिरज करायचं कारण, मग त्यांचंच प्रमाण चुकवून कसं चालेल?

आता सांध्याचं गणित. आरपी-२५ चाकं (मॉडेल चाकांचा प्रमाणित आकार) १६.५वर १४.४ मिमीच्या अंतरानं बसतात (पाठ ते पाठ). १९.३साठी २.८ वाढवून आपण १७.२ धरलं. फ्लँज (चाकाची आतली कड) साधारण ०.७५ जाड. फ्लँजवे (फ्लँज जायची फट) १.२ ठेवला तर चेकरेलच्या (नाकासमोरच्या रुळाच्या आत बसवलेली, चाकाला नाकापासून दूर धरणारी रेल) घासत्या कडेपासून नाकापर्यंत १८.१ मिळायला हवेत आणि चेकरेल आणि विंगरेल (नाकाशेजारून वळलेला रूळ) यांच्या पाठींमध्ये १६.९. चाकांची पाठ १६.९पेक्षा जास्त हवी: १७.२ आहे. पाठ अधिक एक फ्लँज १८.१पेक्षा कमी हवी: १७.९५ आहे. म्हणजे ०.१५ची सवलत. हाताने केलेल्या सांध्याला एवढी पुरते, पण उधळायला काही उरत नाही.

पहिला संशय चाकांवर गेला. सोळाच्या सोळा जोड्या व्हर्नियरखाली घातल्या; सगळ्या १७.१५ ते १७.२५मध्ये. दुसरा संशय टंगरेलवर (सांध्याची हलणारी जीभ): टोक स्टॉकरेलला (शेजारच्या स्थिर रुळाला) नीट चिकटत नसेल. कागदाची पट्टी धरून पाहिली, गच्च धरते. तिसरा संशय नाकावर, आणि इथे माती खाल्ली. ‘नाक जरा वर आलंय’ असं वाटून कानस मारली. नाक वर आलेलंच नव्हतं. आता ते ०.२ मिमी बोथट झालंय आणि बदलावंच लागणार. मापाआधी कानस हातात घ्यायची नाही, हे सहाव्या नोंदीत आपणच लिहिलं होतं.

शेवटी चेकरेल मोजली. मध्यावर नाकापर्यंत १७.८. दोन्ही टोकांना १८.१. म्हणजे रेल मधोमध पोटाला आत वाकली होती, फ्लँजवे १.२चा १.५ झाला होता. १७.९५ची जोडी १७.८मधून जाणार कशी? फ्लँज सरळ नाकावर चढतो. वळणावर चाकाची पाठ चेकरेलला रेटते, त्या रेट्यानं रेल हळूहळू ट्रॅकच्या मध्याकडे सरकली. पण सोल्डरचा टाका तर घट्ट होता. ओढून पाहिलं तेव्हा रेल आली ती खालच्या तांब्यासकट. टाका शाबूत, तांब्याचा पत्राच स्लीपरवरून सुटलेला.

दोष स्लीपरच्या मालाचा. सांध्याखालचे, वर तांब्याचा पत्रा असलेले स्लीपर आपण तपकिरी हायलम बोर्डाचे कापले होते. हा कागद आणि फिनॉलिकचा बोर्ड. स्वस्त, हेक्सॉनं लोण्यासारखा कापला जातो. पण सोल्डरिंगची इस्त्री चार सेकंदांपेक्षा जास्त टेकली की पत्र्याखालचा चिकटपणा मरतो, आणि दमट हवेत बोर्ड पाणी पितो. मेमध्ये चेकरेलचे तीन टाके दोनदोनदा तापवले होते, माप जुळत नव्हतं म्हणून. पत्रा तेव्हाच अर्धमेला झाला असणार, पावसाळ्यानं उरलेलं काम केलं. दुकानदार ‘सगळे सारखेच’ म्हणून हायलम गळ्यात मारतात. घेऊ नका. हिरवट दिसणारा, १.६ मिमीचा ग्लास इपॉक्सी, म्हणजे एफआर-४ मागा. कापताना ब्लेड लवकर बोथट होतं आणि काचेची धूळ उडते, म्हणून ओला करून कापा आणि तोंडाला फडकं बांधा.

दुरुस्ती पूर्ण सांधा न उखडता जमते. ब्रॉडगेजचा लाकडी स्लीपर २७५० बाय २५० मिमी, म्हणजे ३१.६ बाय २.९. सांध्याखाली स्लीपर लांब होत जातात, तेव्हा रुंदी तीच ठेवून लांबी जागेवर कापायची. एफआर-४ फक्त मोक्याच्या ठिकाणी घातला: टंगरेलच्या टोकाशी, टाचेशी, विंगरेलच्या वळणाशी, नाकाच्या दोन्ही बाजूंना आणि चेकरेलखाली तीन. बाकी सगळे सागाच्या पट्ट्या. जुना हायलम स्लीपर मधून करवतून दोन तुकड्यांत बाहेर ओढायचा, नवा बाजूनं सरकवायचा, खाली ०.२ची फट राहते ती इपॉक्सीनं भरायची.

टाक्यासाठी तापमान धरणारी इस्त्री हवी. साधी साठ वॅटची इस्त्री न थांबता तापत राहते, तिनं एफआर-४सुद्धा सुटेल. ३५० अंश, ६३/३७ची (कथील-शिशाची) तार, पातळ रोझिन फ्लक्स, आणि टेकवणं दोन ते तीन सेकंद. शेजारच्या टाक्यावर मगर क्लिप लावून उष्णता अडवायची. डबीतली आम्लाची पेस्ट वापरू नका. दोन महिन्यांत हिरवा थर येतो आणि मग वीज कुठे गेली ते शोधत बसा. दोन रुळांत शॉर्ट होऊ नये म्हणून तांब्यात फट पाडताना करवत फक्त पत्र्यातून जाऊ द्या, बोर्ड कापू नका. प्रत्येक स्लीपरनंतर मल्टीमीटर. सगळं झाल्यावर तपासायला गेलं तर नऊ स्लीपरांत शॉर्ट कुठे, हे शोधण्यात संध्याकाळ जाते.

मापासाठी आता पितळी गेज आहेत. कुपवाड एमआयडीसीतल्या लेथवर तीन करून घेतले: एकाच दांड्यावर १९.३ची खोबणी, १८.१ची पायरी आणि १.२ची पात. थ्रीडी प्रिंटचे गेज इस्त्रीजवळ नेले की वाकतात, हे आधीच लिहिलंय. नवं नाक कोड ७०च्या (इंचाच्या सत्तर हजारांश उंचीच्या) रुळातून घडवायचं. ही उंची १.७८ मिमी, मीटरला ५२ किलो वजनाच्या, १५६ मिमी उंच रुळाचं बरोबर प्रमाण. जिगसाठी (घासताना रूळ धरणारा साचा) फळीवर ८५ मिमी लांबीला १० मिमी उघडणारा कोन आखला की १ इन ८.५ मिळतो. पहिलं नाक आखणीशिवाय केलं होतं, ते १ इन ८च्या आसपास निघालं.

नाक घडवायला घेताना एक प्रश्न पडला, आणि त्यानं सगळा आराखडाच हलवला. ब्रॉडगेजवर गाडी धावायलाच हवी का?

आपलं साल १९८३ ठरलं होतं. पुणे-मिरज-कोल्हापूर ब्रॉडगेज १९७१चं, दक्षिणेकडे शेडबाळ-कुडची मार्गे लोंढ्याला मीटरगेज, पंढरपूरकडे १९२७पासूनची छोटी गाडी. तिघं एकत्र नांदत होते म्हणून ते साल. साल १९६५ केलं तर ब्रॉडगेज नाहीच, डोकेदुखी संपली, पण तिसरं गेजही गेलं. मग १९७० का नको? ब्रॉडगेजचे रूळ पडलेत, खडी भरली जातेय, फलाट नियमाप्रमाणे ८४० मिमी, म्हणजे मॉडेलात ९.७ उंच उभा आहे, आणि त्याला गाडी नाही. शेजारी मीटरगेजचा फलाट जास्तीत जास्त ४०५, म्हणजे ४.७. नुसती ही उंचीची पायरी पाहिली तरी पुढच्या वर्षी काय होणार ते कळतं. धावतील ती मीटरगेजची वायपी, वायजी इंजिनं आणि छोटी गाडी. १९.३चा सांधा निवांत सुधारता येईल, खडीच्या चार वाघिणी ढकलून तपासता येईल. ठरलं, १९७०.

ठरलं म्हणताच दोन गोष्टी अंगावर आल्या. पहिली, अक्षरं. बार्शी लाइट १९५४मध्ये सरकारनं घेतली आणि मध्य रेल्वेत आली, म्हणून छोट्या डब्यांवर ‘मध्य’ची अक्षरं छापून तयार होती. पण २ ऑक्टोबर १९६६ला दक्षिण मध्य रेल्वे झाली तेव्हा दक्षिण रेल्वेचा हुबळी विभाग तिच्याकडे गेला आणि मध्यचा सोलापूर विभागही. सोलापूर १९७७मध्ये मध्यकडे परतला. म्हणजे १९८३साठी आपली अक्षरं बरोबर होती, १९७०साठी चूक. मीटरगेज आणि नॅरोगेज, दोन्ही दक्षिण मध्यची हवीत. एक पळवाट आहे: डबे मोठ्या दुरुस्तीला जाईपर्यंत जुनी अक्षरं मिरवतच असतात, तेव्हा एक-दोन मळके ‘मध्य’ डबे ठेवू. बाकीची अक्षरं परत छापायची.

दुसरी गोष्ट सरहद्दीची. १९५६नंतर बेळगाव जिल्हा पलीकडे गेला खरा, पण १९७०मध्ये त्या राज्याचं नाव म्हैसूर. कर्नाटक झालं १ नोव्हेंबर १९७३ला. वेळापत्रकाच्या फळीशेजारचा नकाशा आणि पार्सलांवरचे पत्ते बदलायला हवेत. ‘जि. सांगली’ मात्र तसंच राहील; दक्षिण सातारा जाऊन सांगली १९६०मध्येच झालं होतं.

छोट्या गाडीची बातमी चांगली आहे. तयार ९ मिमीचा ट्रॅक शेवटी फेकला. तो १:१६०साठीचा, त्याचे स्लीपर बारीक आणि इतके दाट की नॅरोगेज खेळण्यासारखं दिसतं. एकाआड एक काढूनही दीड मिमी रुंदीचं काय करणार? त्याऐवजी १७.२ बाय २.१चे सागाचे स्लीपर आणि कोड ५५चा रूळ. कोड ४० जास्त खरा दिसला असता, पण सोल्डरिंगला तो फार नाजूक. या रुळावर पहिली बार्शी वाघीण ढकलली. बार्शी लाइटचा अभियंता काल्थ्रॉप यानं मालवाहू वाघिणीची चौकट २५ फूट बाय ७ फूट ठेवली होती, मॉडेलात ८७.६ बाय २४.५. नऊ मिमीच्या रुळावर साडेचोवीस रुंदीचं धूड, दोन्ही बाजूंना पावणेआठ मिमी बाहेर. पाच टनांच्या अॅक्सललोडवर (एका आसावरच्या भारावर) इतकी मोठी वाघीण कशी बसवली, ते या एका नजरेत कळतं. डुगडुगेल अशी भीती होती. तळाशी चार ग्रॅम शिसं घातल्यावर वळणातून सरळ निघाली. मीटरगेजच्या बाजूला हळदीची पोती आणि मध्ये हमालांची रांग मांडली की ट्रान्सशिपमेंटचा (माल एका गेजवरून दुसऱ्यावर हलवण्याचा) कोपरा पुरा.

खडी क्रशरच्या काळ्या कचीची. मैद्याच्या चाळणीतून पडलेली, चहाच्या बारीक गाळणीवर अडलेली तेवढीच घ्यायची. फेव्हिकॉलला तीन पट पाणी आणि भांड्याच्या साबणाचा थेंब. पण आधी एक काम न चुकता करा: कची कागदावर पसरून वरून चुंबक फिरवा. आपल्या काळ्या दगडात मॅग्नेटाइट असतं. दोन चमचे कचीत चुंबकाला बोटभर दाढी आली. ती इंजिनाच्या मोटारीत गेली असती तर दोष रुळांचा समजून आणखी एक सांधा विनाकारण उखडला असता.

सिग्नलच्या हाताची ओढतार सतारमेकर गल्लीतल्या ०.३०च्या पोलादी तारेची केली. बाजारातली ‘मॉडेल वायर’ घेऊ नका, ही सरळ राहते.

नाकाचा नवा तुकडा घासून झालाय, टाका बाकी आहे. चेकरेल तिन्ही ठिकाणी १८.१ दाखवतेय. रुळांत दर दीड मीटरला अर्ध्या मिलिमीटरची फट ठेवलीय, वीस अंशांच्या फरकाला तेवढी लागते. श्रावण सरेपर्यंत सांधा तसाच उघड्यावर ठेवायचा, दर रविवारी मोजायचा, आणि १८.०च्या खाली एकदाही गेला नाही तरच खडी ओतायची.